औंढ्याच्या लायगोला ब्लॉकचेनवरून पैसे मिळाले असते का?

औंढा नागनाथ. दर्शनाला तुमच्यापैकी बरेच जण गेले असाल. तिथून जवळच, दुधाळ्याला, लायगो-इंडिया होतंय. 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा, काम गुरुत्वीय लहरी पकडायचं. केंद्राची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 ची. पूर्ण मंजुरी आणि 2,600 कोटी मात्र एप्रिल 2023 मध्ये. मध्ये सात वर्षं!

इथेच 'डीसाय'वाले विचारतात, सरकारची वाट बघायचीच कशाला? त्यांच्याकडे 'डाओ' असतो. सामाईक गल्ला समजा, फक्त हिशेब ब्लॉकचेनवर, सगळ्यांना दिसेल असा. टोकन घ्यायचं आणि कुठल्या संशोधनाला पैसे द्यायचे यावर मत द्यायचं. 2021 पासूनचा व्हिटाडाओ असाच वृद्धत्वावरच्या संशोधनाला पैसे देतो. 2023 मध्ये त्याने 41 लाख डॉलर उभे केले, त्यात फायझरची गुंतवणूक शाखाही होती. म्हणजे साधारण 34 कोटी. यात लायगोचं काय होणार!

पण वसमतची हळद घ्या. कंदकुजीवरच्या एखाद्या प्रयोगाला कोटी-कोटी लागत नाहीत, तिथे हे जमू शकतं. अडचण वेगळीच आहे. ग्रामसभेत माणशी एक मत, इथे बहुतेक ठिकाणी टोकनमागे एक. उद्या एखाद्या बड्या व्यापाऱ्याने निम्म्याहून जास्त टोकनं घेतली, की कंदकूज मागे आणि पॉलिशचं संशोधन पुढे. ब्लॉकचेन मतं अगदी बरोबर मोजेल, एवढंच. शिवाय गल्ला टोकनमध्येच ठेवला आणि भाव पडला, तर प्रयोग मध्येच थांबणार. हळद तर आठ-नऊ महिने शेतात असते.