अश्रुग्रंथी शाबूत, तरी डोळे कोरडे

मूल हंबरडा फोडतं, चेहरा लालबुंद होतो आणि गाल कोरडेच राहतात. तान्ह्या बाळांचं सुरुवातीचे काही आठवडे असं होतंच. पुढे महिनोन्‌महिने तसंच राहिलं, तर मात्र डॉक्टर सावध होतात. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या रायली आणि डे या बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह अशा पाच मुलांची नोंद केली. अंगावर चट्टे, दरदरून घाम, एकाएकी उसळणारा रक्तदाब, पण अश्रू नाहीत. मूळच्या पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यू कुटुंबांत आढळणारा हा आनुवंशिक विकार म्हणजे फॅमिलियल डिसऑटोनॉमिया.

बिघाड अश्रुग्रंथीत, की तिला हुकूम देणाऱ्या चेतातंतूंत? १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्याच जोसेफ डॅन्सिस आणि सहकाऱ्यांनी याचा छडा औषधांनी लावला. चेतातंतू स्नायूंना ज्या रसायनातून निरोप देतात, त्या अ‍ॅसिटिलकोलिनचा कृत्रिम भाऊबंद म्हणजे मेथॅकोलिन. त्याचा सौम्य थेंब निरोगी डोळ्यात टाकला तर बाहुली जवळपास ढिम्म राहते. या मुलांची मात्र आकसली. निरोप तुटपुंजे येऊ लागले की स्नायू अतिसंवेदनशील होतात. सामसूम घरात टाचणी पडल्याचाही आवाज यावा, तसे. हेच औषध शिरेतून दिल्यावर तर चक्क अश्रू आले. म्हणजे ग्रंथी शाबूत होती, हुकूमच पोचत नव्हता. इतका स्वस्त आणि इतका नेमका प्रयोग वैद्यकात विरळाच!

बाहुलीची ही परीक्षा पुढे निदानासाठीही वापरली गेली. २००१ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचा जनुकदोष सापडला आणि तिची गरज कमी झाली. या दोषामुळे जनुकाचा संदेश जुळवताना पेशी त्यातला एक तुकडा गाळतात, पण दर वेळी नाही. थोडं योग्य प्रथिन बनतंच. सर्वांत कमी बनतं ते चेतासंस्थेत. गळणारा तुकडा जागेवर ठेवायला कायनेटिन हे वनस्पतींच्या वाढीशी संबंधित रसायन मदत करतं, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. त्या दिशेने आजही औषधं शोधली जातात.

डोळ्याचं दुखणं अश्रूंवर थांबत नाही. कॉर्निया बधिर असल्याने जखम झाली तरी मुलाला कळत नाही; म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब सतत घालावे लागतात. शिवाय वयाबरोबर दृष्टिपटलातल्या चेतापेशी मरत जातात, आधी मधल्या, नेमक्या नजरेच्या. ते थेंबांनी थांबत नाही. मात्र दृष्टिपटलाच्या थराची जाडी न टोचता, मायक्रॉनमध्ये मोजता येते. त्यामुळे नवं औषध चेतापेशी वाचवतंय का, हे पडताळायला डोळ्याइतकी सोयीची जागा शरीरात दुसरी नाही.