महागडी रॅम घ्यायची का? आधी मदरबोर्ड बघा



दुकानासाठी किंवा ऑफिससाठी पीसी जुळवायला गेलात की १६ जीबी रॅमचे दोन भाव ऐकायला मिळतात. एक साधी हिरवी पट्टी, दुसरी धातूचं कव्हर आणि रंगीत लाइटवाली. मी दोन्ही विकतो, आणि खरं सांगायचं तर महागडीत मला सुटतंही जास्त. तरी सांगतो, बिलिंग, टॅली आणि एक्सेलच्या मशीनला ती लागत नाही.

का, ते बघा. रॅमवरच्या काळ्या चिप मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. महागड्या पट्टीत त्यातल्या जास्त वेगाला टिकणाऱ्या निवडक चिप असतात. तुमचे जादा पैसे त्या निवडीचे, आणि कव्हर-लाइटचे. पण तो वेग आपोआप मिळत नाही! डीडीआर४ ३६०० ची पट्टी लावली तरी ती आधी साध्या वेगावरच चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. त्यातही एच४१० बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर रॅम २६६६ च्या वर जातच नाही. म्हणजे पैसे भरले ३६०० चे आणि वापरताय २६६६.

डब्यावर ‘सीएल’ म्हणून अजून एक आकडा असतो, तोही वाचा. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. ३२०० सीएल १६ चे येतात १० नॅनोसेकंद, ३६०० सीएल १८ चेही १०. साध्या ३२०० सीएल २२ चे १३.७५. फरक आहे, पण नॅनोसेकंदाचा. काउंटरवरचं गिऱ्हाईक थांबतं ते प्रिंटरमुळे.

त्यापेक्षा १६ ची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन लावा. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन चॅनेलवर तेच ५१.२ होतं. बोर्डला दोनच स्लॉट असतील तर मात्र पुढे रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतील, हे धरून चाला.

वेगवान रॅमचा खरा उपयोग होतो तो रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरला. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. तिथे थोडे जास्त मोजले तर चालतील. फोटो स्टुडिओवाल्यांनी मात्र वेगाआधी ३२ जीबीचा विचार करावा.

आणि रॅम कुठलीही घ्या, पक्कं बिल घ्या. त्यावर तुमचा जीएसटी नंबर आणि पट्टीचा सिरीयल नंबर हवा. रेग्युलर जीएसटीत असाल तर १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं, आणि वॉरंटीला गेलात की वादावादी होत नाही. बिनबिलाची ‘स्वस्त’ प्रीमियम रॅम? हातही लावू नका.

खरेदीआधी एक काम करा. ऐन गर्दीच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. वापर ५०-६० टक्क्यांवरच असेल तर मशीन रॅममुळे अडत नाहीये. आत अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर रॅमचं बजेट सरळ एसएसडीला द्या.