खुणेचा शब्द आणि त्याची मुदत
भाषाशिक्षण आणि स्मरण : लेखांक ६

मागील लेखांकात घोकंपट्टीच्या मर्यादांचा विचार झाला. परक्या भाषेतील शब्द लक्षात ठेवण्यासाठी घोकण्याखेरीज ज्या युक्त्या वापरल्या जातात, त्यांपैकी सर्वांत अधिक तपासली गेलेली युक्ती म्हणजे खुणेच्या शब्दाची पद्धत होय. नव्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा मातृभाषेतील एखादा शब्द शोधायचा आणि त्या ओळखीच्या शब्दाची व नव्या शब्दाच्या अर्थाची एकाच कल्पनाचित्रात सांगड घालायची, असे या पद्धतीचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा ध्वनीचा दुवा जोडतो आणि दुसरा अर्थाचा. शब्द कानावर पडताच खूण आठवते, खुणेमागून चित्र येते आणि चित्रातून अर्थ हाती लागतो.

या पद्धतीची उपयुक्तता व मर्यादा पाहण्यासाठी म्हैसूरमधील नजरबाद या भागात शिकायला आलेला आणि कन्नडशी नव्याने गाठ पडलेला मराठी विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे ठरेल. म्हैसूरमध्येच १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले असून तेथील दक्षिण विभागीय भाषा केंद्रात अन्य भाषक शिक्षकांना दक्षिणेतील भाषा शिकवल्या जातात. त्यामुळे मोठ्या वयात दुसरी भारतीय भाषा शिकताना येणाऱ्या अडचणी या शहराला नव्या नाहीत.

कोणताही शब्द पाठ करण्यापूर्वी त्याला खुणेची गरज आहे की नाही, हे ठरवावे लागते. ‘नजरबाद’ हे नावच पाहिले तर ‘नजर’ आणि ‘आबाद’ हे फारसीतून आलेले त्याचे दोन्ही घटक मराठी वाचकाला आधीपासून परिचित असतात, त्यामुळे टिपू सुलतानाच्या काळात वसवलेल्या या ठिकाणाचे नाव लक्षात ठेवायला वेगळा खटाटोप लागत नाही. कन्नडमधील ‘तुप्प’ म्हणजे तूप आणि ‘अक्क’ म्हणजे थोरली बहीण, हे शब्दही असेच घरचे वाटतात. ज्या शब्दांचे नाते उघड आहे, तेथे ते नाते दाखवून देणे पुरेसे असते. तेथे चित्र रचणे म्हणजे चालत्या माणसाला काठी देण्यासारखे आहे.

खुणेचा खरा उपयोग होतो तो नाते नसलेल्या शब्दांसाठी. कन्नडमध्ये वाघाला ‘हुलि’ म्हणतात. मराठीतील ‘हूल देणे’ हा प्रयोग येथे खूण म्हणून वापरता येतो: नजरबादलगतच्या, १८९२ साली स्थापन झालेल्या प्राणिसंग्रहालयातील वाघ पिंजऱ्याच्या गजांपाशी झेप घेण्याची हूल देतो आणि पुन्हा सावलीत जाऊन बसतो, असे चित्र विद्यार्थ्याने क्षणभर मनात उभे केले की ध्वनी आणि अर्थ एकत्र बांधले जातात. ‘हालु’ म्हणजे दूध; काठोकाठ भरलेले पातेले उचलणाऱ्या मुलाला ‘हालू देऊ नकोस’ असे बजावले जात आहे, एवढे चित्र पुरते. ‘मर’ म्हणजे झाड. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला हरभऱ्यावर आणि तुरीवर पडणारा मर रोग ठाऊक असतो, तोच रोग एखाद्या अजस्र वडाला लागल्याचे दृश्य तो कल्पू शकतो. शिक्षकाने आयती खूण देण्यास हरकत नाही, परंतु ती विद्यार्थ्याच्या अनुभवातील असावी, कारण ज्याने कधी शेत पाहिले नाही त्याच्यासाठी मर रोग हाच एक नवा शब्द ठरतो.

खूण ही उच्चाराची नक्कल नसून केवळ इशारा असते, हे मात्र विसरता कामा नये. मराठीत ‘मर’ उच्चारताना शेवटचा अकार लोपतो, कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारावा लागतो. ‘हालु’ म्हणजे दूध असले तरी ‘हल्लु’ म्हणजे दात होतो, आणि ‘हुलि’मधील ‘ल’च्या जागी ‘ळ’ आला की ‘हुळि’ म्हणजे आंबट असा, किंवा सांबारासारख्या एका आंबट पदार्थाचा बोध होतो. मराठीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेद मुळातच असल्याने मराठी विद्यार्थ्याला हा फरक ऐकू येतो, परंतु खुणेच्या भरवशावर राहून त्याने कानाकडे दुर्लक्ष केले, तर खाणावळीत हुळि मागताना त्याच्या तोंडून वाघ मागितला जाण्याचा संभव राहतो.

या पद्धतीची पद्धतशीर चाचणी रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले असता, खुणेच्या शब्दांनी शिकलेल्यांना त्यांपैकी ७२ टक्के, तर इतरांना ४६ टक्के शब्दांचे अर्थ सांगता आले. सहा आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता घेतलेल्या परीक्षेत हेच प्रमाण अनुक्रमे ४३ आणि २८ टक्क्यांवर आले होते. या आकड्यांतून पद्धतीचा लाभ जसा दिसतो, तशीच तिची मुदतही दिसते: खुणेमुळे शब्द मनात लवकर शिरतो, पण विसर पडण्याचे थांबत नाही.

तो थांबवण्याचा मार्ग उजळणीचा आहे, आणि उजळणी म्हणजे यादी पुन्हा वाचणे नव्हे, तर अर्थ झाकून तो स्मरणातून वर काढणे होय. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द दिले होते. एकदा आठवलेल्या शब्दांवरही ज्यांची परीक्षा घेणे चालू राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले, आणि ज्यांनी तेच शब्द केवळ पुन्हा वाचले त्यांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ‘हुलि’ शिकलेल्या विद्यार्थ्याला त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि पुढील आठवड्यात विचारावे, आणि तेही दोन्ही बाजूंनी: ‘हुलि म्हणजे काय?’ याचे उत्तर देता आले तरी ‘वाघाला कन्नडमध्ये काय म्हणतात?’ येथे तोच विद्यार्थी अडखळू शकतो, कारण खुणेची वाट परक्या शब्दाकडून अर्थाकडे जितकी सुगम असते, तितकी उलट दिशेने नसते.

‘बेकु’ म्हणजे हवे, ‘बेड’ म्हणजे नको आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, अशा चित्रात न मावणाऱ्या शब्दांसाठी तर दुकानासारखी शाळा नाही. ‘ननगे हालु बेकु’, म्हणजे मला दूध हवे, हे वाक्य रोज सकाळी म्हणावे लागले की ‘बेकु’ला खूण लागत नाही, आणि काही दिवसांनी ‘हालु’ म्हणतानाही काठोकाठ भरलेले पातेले मनात येईनासे होते. खूण अशी गळून पडणे हे विस्मरण नव्हे. शब्द आता तिच्यावाचून उभा राहू लागल्याचे ते लक्षण आहे. ही अवस्था लवकर यावी म्हणून दोन उजळण्यांमध्ये किती अंतर ठेवावे, याचा विचार पुढील लेखांकात करायचा आहे.