रिकाम्या डब्यात रोप वाढवा, डास नको

लग्नकार्य किंवा गावचा सण आटोपला की दुसऱ्या दिवशी घरामागे शीतपेयाचे आणि बिअरचे रिकामे डबे पडलेले दिसतात. पाऊस आला की त्यांत पाणी साचते आणि आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी त्यातून उडून जाते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच लहान भांड्यांतील पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. हा डास दिवसा चावतो. तेव्हा नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून भागत नाही.

बरेचसे डबे भंगारवाल्याला द्यावेत. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर नवे तयार करण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. थोडे डबे मात्र ठेवून घ्यावेत. खिडकीत ठेवण्याजोग्या लहान रोपांना ते चांगले उपयोगी पडतात.

डबा तयार करणे : ३३० मिलिलिटरचा डबा साधारण साडेअकरा सेंटिमीटर उंच असतो. तो आधी धुऊन घ्यावा. डबे उघडण्याच्या चावीने झाकण कडेने कापून काढावे आणि राहिलेली धार काचकागदाने घासावी. हे काम मोठ्या माणसाने, हाताला जाड कापड गुंडाळून करावे. पत्र्याने हात कापलाच तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा.

यानंतर भोके पाडावीत. या डब्याचा तळ मधोमध आत फुगलेला असतो, त्यामुळे पाणी सभोवतालच्या खोलगट कडेत साचते. मध्यावर भोक पाडले तर ते पाणी निघत नाही व मुळ्या कुजतात. म्हणून डब्यात ओली वाळू दाबून भरावी, म्हणजे पत्रा चेपत नाही, आणि खिळ्याने अगदी तळाशी, बाजूने चार-पाच भोके पाडावीत. मग वाळू काढून टाकावी.

माती आणि रोप : दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. वर बोटभर जागा रिकामी सोडावी. युरिया घालू नये. एवढ्याशा मातीत त्याने मुळ्या जळतात. पुदिना आणि पानओवा यांच्या फांद्या सहज लागतात. पानफुटीचे एक पान मातीवर ठेवले तरी त्याच्या कडेला रोपे फुटतात. मनी प्लँटही येतो, पण त्याची पाने खाल्ल्यास तोंडाची आग होते. तो मुलांच्या व शेळ्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. पत्रा उन्हात लवकर तापतो, म्हणून दुपारचे ऊन डब्यावर येऊ देऊ नये. बोटाने माती चाचपून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. मुळ्या भोकांतून बाहेर डोकावू लागल्या की रोप मोठ्या कुंडीत हलवावे.

डब्याखाली बशी ठेवायची असल्यास तीत वाळू भरावी, म्हणजे उघडे पाणी राहत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून बश्या, फुलदाण्या व पाण्याची भांडी रिकामी करून आतून घासावीत. २ नोव्हेंबरला आपण थडग्यांवर फुले ठेवतो, त्या डब्यांनाही हाच नियम लावावा. तेथे पाण्याऐवजी ओली वाळू वापरली तरी फुले उभी राहतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कीटकनाशकाचा वा तणनाशकाचा डबा कितीही धुतला तरी घरात आणू नये. त्यात रोपही लावू नये, मग पाणी किंवा धान्य ठेवणे दूरच. औषध पत्र्याच्या सांध्यात आणि प्लॅस्टिकच्या अंगात राहते, आणि आज रोप असलेल्या डब्यात उद्या एखादे मूल पाणी पिते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार असे डबे पुन्हा वापरले जातील अशा रीतीने बाहेर टाकता येत नाहीत. ते फोडून वस्तीपासून दूर पुरावे लागतात. विहीर आणि ओढा यांपासूनही ती जागा लांब असावी.

रोपासाठी आपण केवळ खाण्यापिण्याच्या जिनसांचेच डबे घ्यावेत. उरलेल्यांपैकी एकही अंगणात उताणा राहू नये, एवढी काळजी प्रत्येक घराने पावसाळ्यापूर्वीच घ्यावी.