बी गेलं नाही, पत्रं गेली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या शाळेच्या मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉक बसले. निधी मार्चअखेर संपवायचा होता आणि पावसाळ्यात चिखल होतो ही पालकांची तक्रार होतीच. त्या जागेवर कोरेगाव तालुक्यातल्या पोरांनी काही वर्षं केनियाच्या रीतीने भाजी पिकवली होती, हे ठरावाच्या वेळी कुणी बोललं नाही. बोलणार तरी कोण? शाळा समितीचे तेव्हाचे सदस्य पांगले आणि मी निवृत्त झाले.

शाळेत शेती ही आपल्याकडे जुनीच गोष्ट. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. बाकीच्यांच्या वाट्याला आला तो कार्यानुभवाचा तास, म्हणजे मैदान झाडायचं आणि ऑफिसासमोरच्या कुंड्यांना पाणी घालायचं. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहावंसं वाटतं ते या शतकाच्या पहिल्या दशकाबद्दल. ब्रिटनमध्ये तेव्हा परदेशातल्या शाळांशी नातं जोडायची लाट आली होती आणि तिथल्या सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचा पैसा त्यामागे होता. कॉर्नवॉलमध्ये चिनी मातीच्या रिकाम्या झालेल्या खाणीत 2001 साली ईडन प्रोजेक्ट उभा राहिला. त्यांनी ‘गार्डन्स फॉर लाइफ’ या उपक्रमातून ब्रिटन, केनिया आणि भारतातल्या शाळा बागकामाने जोडल्या. आमची जोडणी त्याच वाऱ्यातली, पण एका लहानशा संस्थेमार्फत आलेली. एक शाळा इंग्लंडची, एक केनियाची आणि एक आमची, दोन शिक्षकी.

पहिला बेत बियाणं एकमेकांना पाठवण्याचा होता. पोरांनी घरून वाघ्या घेवड्याचे रेघारेघांचे दाणे आणले, पाकिटं केली, वर नावं घातली. मग निरोप आला की तसं पाठवता येत नाही. आपल्याकडे 2003 च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे बाहेरचं बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. तिकडचे नियमही काही सैल नव्हते. पाकिटं फोडून दाणे आमच्याच वाफ्यात टोकले. ठरलं असं, की ज्याने त्याने आपल्या गावचा घेवडा लावायचा आणि काय होतं ते पत्राने कळवायचं.

पत्रं मात्र छान यायची. इंग्लंडच्या मुलांचा घेवडा मे-जूनमध्ये काठ्यांवर चढायचा आणि ऐन ऑगस्टमध्ये शेंगांनी लगडायचा, तेव्हा त्यांची शाळा बंद. आमचा वाफा मे महिन्यात करपायचा, तेव्हा आमची बंद. सुट्टीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. तिकडे शाळेशेजारची एक आजी घालायची, इकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशी.

केनियाच्या एका मुलीने लिहिलं, की तिची आई फरसबी खुडायला जाते आणि ती फरसबी विमानाने इंग्लंडला जाते. इंग्लंडच्या पोरांनी दुकानात जाऊन पाहिलं, तर पाकिटावर खरंच केनियाचं नाव. ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा चौथीतला एक जण उठून म्हणाला, “बाई, त्यांची शेंग विमानात चालते, मग आपला दाणा पाकिटात का नाही चालला?” भूगोलाच्या पुस्तकातला व्यापाराचा धडा मी त्यानंतर पूर्वीसारखा शिकवू शकले नाही.

खरं शिकायला मिळालं तेही केनियाकडूनच. आमच्या शाळेमागे नुसता मुरूम, फावडं घातलं की ठिणगी उडायची. त्यांनी गोणीतल्या बागेची चित्रं पाठवली. धुतलेली खताची गोणी घ्यायची, मधोमध बूड काढलेला तेलाचा डबा ठेवायचा. डब्यात खडी, डब्याभोवती माती आणि शेणखत. मग डबा वर ओढायचा, पुन्हा खडी, पुन्हा माती, असं तोंडापर्यंत. गोणीला बाजूंनी चिरा पाडून एकेका चिरेत एकेक रोप बसवायचं. पाणी मधल्या खडीत ओतलं की ते सगळीकडे झिरपतं. ते त्यात सुकुमा विकी ही त्यांची पालेभाजी लावत. आम्ही बाजूंना पालक आणि चुका लावला, वर टोमॅटो. ताटं धुतल्याच्या पाण्यावर गोण्या हिरव्या राहिल्या. इंग्लंडच्या बाईंनी पाठवलेलं कंपोस्टचं रंगीत पुस्तक सुंदर होतं, पण त्यातला पाऊस त्यांच्याकडचा होता.

तरी प्रत्येक कागद फिरायचा तो इंग्लंडमार्गेच. पैसा तिकडच्या शाळेच्या नावाने यायचा, अहवाल तिकडे जायचा. तिथल्या शिक्षिका जानेवारीत आल्या, पिठलं-भाकरी खाल्ली, पोरांबरोबर खुरपणीही केली; माणसं मनापासून चांगली. परतीच्या भेटीची यादी आली तेव्हा शाळेतल्या कुणाचं नाव त्यात नव्हतं. गेले एक साहेब, ज्यांनी आमच्या गोण्या फोटोतच पाहिल्या होत्या. आणि केनियाच्या शिक्षकांना आमच्याकडे किंवा आम्हाला त्यांच्याकडे पाठवावं, हे तर कुठल्या प्रस्तावात आलंच नाही. ऊन त्यांचं-आमचं एक आणि पाण्याची बोंबही एकच, पण त्याला पैसे देणारं कुणी नव्हतं.

मग पत्रं विरळ झाली. 2020 च्या सप्टेंबरमध्ये त्या लाटेमागे पैसा लावणारं ब्रिटनचं विकास खातंच परराष्ट्र खात्यात विलीन झालं. 2021 मध्ये ब्रिटनची मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 वर आली आणि 2027 पर्यंत ती 0.3 वर नेणार, असं 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. बातमी मराठी वर्तमानपत्रात मला तरी दिसली नाही.

आपल्याकडे 2019 मध्ये केंद्राने शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आता परसबागांच्या स्पर्धाही होतात. हेतू चांगला. पण तपासणीच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेतून पिशव्यांसकट मेथी-कोथिंबीर आणून मांडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. बागेत काय उगवलं यापेक्षा फोटो ॲपवर चढला का, याची चौकशी जास्त.

परवा शाळेत आता असलेल्या एकमेव बाईंना म्हटलं, केनिया आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा, दोन्ही शाळा भरलेल्या. मोबाइलवर समोरासमोर बोलता येईल, लंडनचा संबंधच नाही. बाई हरखल्या. मग त्यांनी केंद्रप्रमुखांना विचारलं, की परदेशातल्या शाळेशी बोलायला परवानगी कोणाची घ्यायची. ते म्हणाले, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.