हार्लन : कोळशाच्या खोऱ्यातील एक कौंटी

अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे कारभारासाठी लहान लहान भाग पाडलेले असतात. त्यांना तेथे कौंटी म्हणतात. आपल्याकडे कौंटीचे भाषांतर जिल्हा असे करण्याची रीत आहे, परंतु आकाराने ती बहुधा आपल्या तालुक्याएवढीच भरते. एकट्या केंटकी राज्यात अशा १२० कौंट्या आहेत. एका बाबतीत मात्र कौंटी आपल्या जिल्ह्याहून अगदी निराळी आहे, आणि ती बाब पुढे उपयोगी पडणार असल्यामुळे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. आपल्याकडे कलेक्टर आणि पोलीसप्रमुख वरून नेमून येतात आणि काही वर्षांनी बदली होऊन जातात. कौंटीतील कायद्याचा रखवालदार, म्हणजे शेरीफ, हा तेथल्याच लोकांनी मते देऊन निवडलेला असतो, आणि हाताखाली डेप्युटी नेमण्याचा अधिकार त्यालाच असतो. ऐकावयास ही व्यवस्था मोठी लोकशाहीची वाटते. हार्लन कौंटीत तिचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

हार्लन ही केंटकीच्या आग्नेय कोपऱ्यात, व्हर्जिनिया राज्याला लागून आहे. क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीच्या आसपास. वाचकांनी दोन लांबलचक भिंती डोळ्यांपुढे आणाव्यात. वायव्येकडची भिंत म्हणजे पाइन माउंटन हा सरळसोट डोंगर. आग्नेयेकडची ब्लॅक माउंटन. या दुसऱ्या डोंगराचा माथा १,२६३ मीटर, साधारण आपल्या सिंहगडाएवढा, आणि तो साऱ्या केंटकीत सर्वांत उंच आहे. दोन्ही भिंतींच्या मध्ये कंबरलँड नदीचे तीन उगमप्रवाह वाहतात. त्यांतल्या एकाचे नावच ‘पुअर फोर्क’, म्हणजे गरीब फाटा, असे पडले आहे. हे प्रवाह हार्लन गावाजवळ एकत्र येतात आणि तेथून पुढे कंबरलँड नदी सुरू होते. सपाट जमीन म्हणाल तर या ओढ्यांच्या काठाने जी चिंचोळी पट्टी आहे तेवढीच. त्या पट्टीतच नदी, रस्ता, रूळ, घरे आणि परसातला मका यांनी एकमेकांना रेटीत जागा करून घेतली आहे. १९७७ च्या एप्रिलात पूर आला तेव्हा हार्लन गावाला वर सरकावयास जागाच नव्हती. शेवटी सरकारला डोंगर फोडून चार बोगदे काढावे लागले आणि नदीच गावाबाहेरून न्यावी लागली.

कौंटी स्थापन झाली १८१९ साली. नाव दिले ते १७८२ च्या लढाईत पडलेल्या सायलस हार्लन या सैनिकाचे. पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतवाल्यांचा मोठा रस्ता जवळच्याच कंबरलँड खिंडीतून गेला. हार्लन बाजूस राहिली. पुढची नव्वद वर्षे येथे डोंगरी शेतकरी मका पिकवीत, डुकरे पाळीत आणि लाकडाचे ओंडके नदीच्या पुरात सोडून विकीत राहिले. १९१० च्या शिरगणतीत माणसे भरली साडेदहा हजार.

परंतु खरा इतिहास त्याआधीच कागदावर घडून गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व केंटकीच्या डोंगरांतून कोळशाच्या मक्तेदारांचे दलाल हिंडू लागले. ते जमीन मागत नसत. जमिनीखालचे तेवढे मागत. शेतकऱ्याला वाटे, वरची शेती आपलीच राहते आहे, खालच्या दगडाचे आपल्याला काय करावयाचे? एकराला थोडेसे पैसे घेऊन त्याने खरेदीखतावर सही केली. सही येत नसलेल्यांनी फुली मारली. त्या खतात कलमे मोठी ऐसपैस होती. कोळसा काढण्यासाठी रस्ते करावे, लाकूड तोडावे, पाणी वळवावे, आणि त्यापायी होणाऱ्या नुकसानीबद्दल कंपनीला जबाबदार धरता येऊ नये, असा त्यांचा आशय असे. खत लिहिले तेव्हा डोंगर वरून सोलून काढणारी यंत्रे कोणी पाहिली नव्हती. ती पुढे आली, आणि केंटकीच्या न्यायालयाने १९५६ साली तोच जुना कागद त्यांनाही लागू केला. आजोबाच्या फुलीने नातवाचे शेत उकरले गेले. हे थांबविण्यासाठी १९८८ मध्ये राज्याची घटना दुरुस्त करावी लागली. आपल्याकडे सात-बाऱ्यावर काय लिहिले आहे हे पाहण्याचा आळस करणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९११ साली आगगाडी हार्लनला पोचली आणि दहा वर्षांत कौंटीचा चेहरा बदलला. ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशी शेतीची यंत्रे करणाऱ्या इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीच्या एका शाखेने बेनहॅम हे गाव वसविले. शेजारीच १९१७ पासून युनायटेड स्टेट्स स्टील या पोलादाच्या बलाढ्य कंपनीने लिंच उभे केले. घरे, शाळा, इस्पितळ, दुकान, सारे कंपनीचे. इटली, हंगेरी, पोलंड येथले लोक आले. अलाबामातून काळे मजूर आले, त्यांच्या मुलांची शाळा निराळी ठेवली गेली. लोकसंख्येचे आकडे पाहा : १९२० साली साडेएकतीस हजार, १९३० साली साडेचौसष्ट हजार, आणि १९४० साली ७५,२७५. हा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही.

आता मजुराच्या बाजूने हा व्यवहार कसा होता ते पाहू. खाणीत रोजाने पैसे नसत. डब्यात भरलेल्या कोळशाच्या टनामागे मिळत. छताला लाकडाचे टेकू देणे, पडलेला दगड बाजूला करणे, पाणी उपसणे, या कामांचे बहुधा काहीच मिळत नसे. म्हणजे स्वतःचा जीव वाचविण्यात गेलेला वेळ बिनपगारी. कोळसा तोलणारा काटा कंपनीचा, काट्यापाशी बसणारा माणूस कंपनीचा. काट्यावर आमचा एक माणूस बसवा, ही कोळसाखाणींतली जुनी मागणी आहे आणि हार्लनमध्येही ती होती. पगार होईपर्यंत उचल हवी असेल तर कंपनीचे बिल्ले मिळत. ते कंपनीच्याच दुकानात चालत. राहते घर नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की खोली खाली करावयाची. आणि खोऱ्यातून बाहेर पडावयास वाट एकच. आम्ही आयुष्य कामगार संघटनेत घालविले आहे, म्हणून खात्रीने सांगू शकतो : संप करणाऱ्याला काही दिवस राहावयाला छप्पर आणि उधार देणारा वाणी या दोन गोष्टी लागतात. हार्लनमध्ये दोन्ही मालकाच्या हातात होत्या.

१९३१ च्या फेब्रुवारीत, मंदीच्या दिवसांत, मालकांनी दर दहा टक्क्यांनी कापले. मजूर युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेकडे वळले. वळलेल्यांना कामावरून आणि घरातून काढण्यात आले; त्यांतले पुष्कळ इव्हार्ट्स या गावी गोळा झाले, कारण ते गाव कोणा कंपनीचे नव्हते. ५ मे रोजी त्या गावाजवळ मजूर आणि डेप्युटींच्या गाड्या समोरासमोर आल्या, गोळीबार झाला आणि चार माणसे मेली. राज्याची फौज आली. त्याच वर्षी शेरीफच्या माणसांनी सॅम रीस या संघटकाच्या घराची झडती घेतली. त्याची बायको फ्लॉरेन्स हिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा कागद फाडून, तू कोणाच्या बाजूचा, असा सवाल करणारे गाणे त्यावर लिहिले. ते पुढे इंग्रजी बोलणाऱ्या कामगारांच्या सभांतून सगळीकडे गेले. नोव्हेंबरात कादंबरीकार थिओडोर ड्रायझर काही लेखकांसह चौकशीला आला आणि मजुरांच्या जबान्या पुस्तकरूपाने छापल्या गेल्या.

तरीही कोंडी फुटली नाही, आणि तिचे कारण आरंभी सांगितलेल्या शेरीफमध्ये आहे. १९३७ च्या फेब्रुवारीत एका संघटकाच्या घरावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा घरातच ठार झाला. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या ला फॉलेट समितीने सुनावण्या घेतल्या. त्यांत उघड झाले की शेरीफने बिल्ला दिलेल्या डेप्युटींपैकी जवळजवळ सर्वांचा पगार खाण-कंपन्या देत होत्या. मते लोकांची, बिल्ला सरकारचा, पगार मालकाचा! १९३८ साली केंटकीने खाजगी पगाराचे डेप्युटी कायद्याने बंद केले, आणि मगच, १९३९ च्या दीर्घ व रक्तरंजित संपानंतर, हार्लनमध्ये संघटना पक्की झाली. आठ वर्षे जे बंदुकीने झाले नाही, ते पगारपत्रक उजेडात आल्यावर झाले, असे आमचे मत आहे.

यापुढची गोष्ट आमच्याच चळवळीतली असल्यामुळे ती झाकून ठेवणे बरे नव्हे. १९५० साली संघटनेचा पुढारी जॉन लुइस याने खाणीत यंत्रे येऊ देण्याचे मान्य केले. मोबदल्यात मजुरी वाढली आणि कल्याणनिधीला टनामागे मिळणारी रक्कमही वाढली. १९५२ पर्यंत ती टनाला ४० सेंट झाली. त्या निधीतून डोंगराळ मुलखात दहा इस्पितळे बांधली गेली, त्यांपैकी एक हार्लनमध्ये १९५६ साली उघडले. खाणकाम्याला त्याआधी असे इस्पितळ ठाऊक नव्हते. परंतु निधी भरत होता तो टनांवर, माणसांवर नव्हे. माणसे कमी होऊन टन वाढले तरी हिशेब जुळत होता. १९५० ते १९६० या दहा वर्षांत कौंटीतून वीस हजारांहून अधिक लोक घटले. कुटुंबेच्या कुटुंबे उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेली. टनांची मागणीही त्या वर्षांत मंदावली. पुढे कित्येक खाणींनी वर्गणी थकविली, निधी आटला आणि १९६३-६४ च्या सुमारास ती इस्पितळे संघटनेला सोडावी लागली. हार्लनचे इस्पितळ दुसऱ्या संस्थेने चालविले म्हणून वाचले. लुइसची ही निवड चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. यंत्रे आलीच असती. मात्र जाणाऱ्यांसाठी करारात कलम नव्हते.

१९७३ मध्ये ब्रुकसाइड खाणीचे मजूर पुन्हा संपावर गेले. मालक होती वीज तयार करणारी ड्यूक पॉवर कंपनी. तिच्या चाळीतल्या घरांत नळ नव्हते. न्यायालयाने मजुरांच्या पहाऱ्यावर संख्येची मर्यादा घातली, तेव्हा त्यांच्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या. संप तेरा महिने चालला. १९७४ च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स जोन्स हा तरुण मजूर गोळीने मेला आणि काही दिवसांतच करार झाला. या संपावरचा बार्बरा कॉपल यांचा १९७६ चा बोलपट ऑस्कर मिळवून गेला.

त्यानंतर संघटना विरत गेली. २००६ च्या मे महिन्यात डार्बी खाणीत बंद केलेल्या भागातला वायू पेटला आणि पाच जण गेले. २०१९ च्या जुलैत ब्लॅकज्युएल कंपनीचे दिवाळे निघाले. मजुरांच्या खात्यात जमा झालेले पगार बँकेने परत काढून घेतले. येथे आता संघटना नव्हती, पुढारी नव्हता. पण कंबरलँड गावाजवळ कोळशाने भरलेली गाडी निघते आहे असे कळताच काही मजूर रुळांवर जाऊन बसले. बायकामुले आली, तंबू पडले, आणि सुमारे दोन महिने ती गाडी हलली नाही. ज्या कोळशाचा पगार मिळाला नव्हता तोच डब्यांत होता. त्या शरदात तडजोड होऊन त्यांना थकलेला पगार मिळाला. खोऱ्यातून बाहेर पडण्याची वाट एकच, हे भूगोलाचे सत्य या वेळी प्रथमच मजुरांच्या उपयोगी पडले.

२०२० च्या शिरगणतीत कौंटीत २६,८३१ माणसे होती; एकेकाळी दहा हजारांच्या लिंचमध्ये हजाराच्याही आत. तेथली एक जुनी खाण आता प्रवाशांना दाखवितात. बेनहॅमचे कंपनीचे दुकान कोळशाचे संग्रहालय झाले आहे, आणि २०१७ साली त्याच्या छपरावर, बिलाचे पैसे वाचावेत म्हणून, सूर्यप्रकाशावर वीज करणारे फलक बसविण्यात आले.