ब्लेंडरमधला उजवा क्लिक

थ्रीडीसाठीचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ पासून ओपन सोर्स आहे. पण नवा माणूस पहिल्याच मिनिटाला अडायचा, कारण वस्तू निवडायला उजवा क्लिक लागायचा! डावं बटण दाबलं की थ्रीडी कर्सर नावाची खूण भलतीकडेच जाऊन बसायची. सेटिंगमध्ये हे बदलता यायचं, पण ज्याला साधी वस्तू निवडता येत नाही तो सेटिंग कुठून शोधणार? म्हणून मला डिफॉल्ट फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत.

तक्रार वर्षानुवर्षं चालू होती. जुन्या वापरकर्त्यांचा हात मात्र उजव्या क्लिकवर बसलेला, आणि त्यांचंही म्हणणं खरंच होतं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीत डावा क्लिक डिफॉल्ट झाला. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं: पहिल्यांदा उघडताच ब्लेंडर विचारतं, निवड डाव्या बटणाने की उजव्या? स्पेसबार दाबल्यावर काय व्हावं? जुने शॉर्टकट हवेत का? म्हणजे नव्याला वाट मोकळी, आणि जुन्यांची सवयही शाबूत.

ज्यांनी पूर्वी वैतागून ब्लेंडर काढून टाकलं, त्यांनी पुन्हा उतरवून बघा. फुकट आहे.